तालुक्याच्या दवाखान्यात छातीचं दुखणं : नव्या मेडिकल ऑफिसरसाठी

इंटर्नशिप संपली, सरकारी सेवेच्या बाँडची ऑर्डर हातात पडली आणि तुम्ही एखाद्या ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालात. कॉलेजच्या कॅज्युअल्टीत छातीत दुखणारा रुग्ण आला की रेसिडेंट धावत यायचा, इको (हृदयाची सोनोग्राफी) व्हायचा, कार्डिऑलॉजीला फोन जायचा. इथे रात्री दोन वाजता तुम्ही, सिस्टर आणि एक ईसीजी मशीन. एवढ्यात काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. पण हार्ट अटॅकच्या उपचाराचा पहिला अर्धा भाग एवढ्यात पूर्ण होतो, आणि रुग्ण वाचतो की हृदय कायमचं अधू होतं, हे बरंचसं या अर्ध्या भागातच ठरतं.

२००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ‘क्रिएट’ नावाच्या भारतीय नोंदणीचे आकडे आले. त्यात लक्षणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला लागलेला मध्यक वेळ ३६० मिनिटं होता. म्हणजे सहा तास. पोहोचल्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू व्हायला आणखी ५० मिनिटं. घरी सोडा पिण्यात, सकाळ होण्याची वाट बघण्यात, गाडी शोधण्यात गेलेले सहा तास तुम्हाला परत आणता येणार नाहीत. ती ५० मिनिटं मात्र तुमची आहेत.

ड्युटी घेताना, रुग्ण येण्याआधी

पहिल्याच दिवशी ईसीजी मशीन स्वतः सुरू करून बघा. चार्जिंग टिकतं का, कागदाचा रोल आहे का, जेली आहे का, छातीला चिकटवायचे रबरी बल्ब चिरलेले तर नाहीत? मशीन १० मिलिमीटर प्रति मिलिव्होल्ट आणि २५ मिलिमीटर प्रति सेकंद यावरच आहे ना? कुणीतरी बटण दाबून अर्ध्या उंचीवर ठेवलेलं असतं आणि मग सगळे ईसीजी ‘लो व्होल्टेज’ दिसतात.

डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं मशीन) असेल तर तो रिकाम्या खोलीत चार्ज करून बघा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोरवास्टॅटिन, सॉर्बिट्रेट (जिभेखालची नायट्रेट गोळी), ॲट्रोपिन, ॲड्रिनलिन, फ्युरोसेमाइड, सलाइन आणि स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज (गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं) एकाच ट्रेमध्ये ठेवा, एक्स्पायरी बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कपाटाची किल्ली. फार्मासिस्ट पाच वाजता घरी जातो, किल्ली त्याच्या खिशात असते आणि महागडं इंजेक्शन काचेमागे दिसत राहतं. हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच सोडवा. दुसरी किल्ली ड्युटीवरच्या सिस्टरकडे असलीच पाहिजे.

जवळचा फिजिशियन कोण, कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली) कुठे, तिथल्या इमर्जन्सीचा नंबर काय, हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. मोबाइलमध्ये सेव्ह केलेला नंबर तुम्ही रजेवर गेलात की तुमच्याबरोबर जातो.

रुग्ण काय म्हणतो ते ऐका

पुस्तकातला रुग्ण ‘छातीत दुखतंय’ म्हणतो. आपला बहुतेकदा तसं म्हणत नाही.

“काका, कुठं दुखतंय?”
“दुखत नाय साहेब. भरून आल्यागत होतंय. गॅस झालाय बहुतेक.”

हे म्हणताना काकांची मूठ छातीच्या मधोमध टेकलेली असेल आणि शर्ट घामाने पाठीला चिकटलेला असेल, तर ‘गॅस’ हा शब्द केसपेपरवर लिहू नका. जड वाटतं, आवळल्यासारखं होतं, जळजळतंय, जीव घाबरा होतोय, कसंतरीच होतंय, हाताला मुंग्या येतात, जबडा ठणकतो, चार पावलं चाललं की दम लागतो : ही सगळी हृदयाची भाषा असू शकते. पोटाच्या वरच्या भागात दुखून उलट्या होणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला पॅन्टोप्राझोल देऊन घरी पाठवण्याआधी ईसीजी काढायचाच. मधुमेही, वयस्कर आणि बायका यांच्यात छातीत काहीच न होता नुसता दम, नुसता घाम किंवा नुसता थकवा असं चित्र जास्त दिसतं. “मावशी, काल धुणं धुताना असा दम लागत होता का?” हा प्रश्न ‘एक्झर्शनल डिस्प्निया आहे का’ यापेक्षा जास्त कामाचा.

वय लहान आहे म्हणूनही सोडू नका. २००४ च्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात ५२ देशांतले रुग्ण होते. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक आला तेव्हाचं मध्यक वय ५३ होतं, इतरांचं जवळजवळ ५९. तंबाखू खाणारा, मधुमेह असलेला ३८ वर्षांचा ट्रॅक्टर ड्रायव्हर आपल्या ओपीडीत नवलाचा नाही.

दुखणं नेमकं कधी सुरू झालं, ते घड्याळाच्या वेळेत लिहा. ‘सकाळपासून’ चालणार नाही. “चहाच्या आधी की नंतर? एसटी गेली होती का?” असं विचारत वेळ काढून घ्या, कारण पुढचा प्रत्येक निर्णय या वेळेवर उभा आहे.

दहा मिनिटांत ईसीजी

रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढून कुणीतरी वाचलेला असला पाहिजे. केसपेपर, नोंदणी, आधारकार्ड सगळं नंतर. ही गोष्ट सिस्टर आणि शिपाईमामांना एकदा नीट समजावून सांगितलीत की ते तुमच्याही आधी मशीन ओढून आणतात.

घाम पुसा, नाहीतर बल्ब टिकत नाहीत. उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळा, डाव्या पायाला हिरवा, उजव्या पायाला काळा. व्ही१ आणि व्ही२ छातीच्या हाडाच्या उजव्या-डाव्या कडेला चौथ्या फासळ्यांच्या फटीत. ते सर्रास दुसऱ्या-तिसऱ्या फटीत लावले जातात आणि नसलेला जुना इन्फार्क्ट (हृदयाच्या स्नायूचा मेलेला भाग) दिसू लागतो. व्ही४ पाचव्या फटीत, हसळीच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. बायकांमध्ये स्तनाच्या खाली. व्ही३ हा व्ही२ आणि व्ही४ च्या मध्ये. व्ही५ आणि व्ही६ व्ही४ च्याच पातळीवर, काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषेवर. लीड १ (ईसीजीवरची प्रत्येक नोंद म्हणजे एक लीड) पूर्ण उलटा आणि एव्हीआर सरळ दिसला तर आधी हातांच्या वायरी अदलाबदल झाल्यात का ते बघा, मग डेक्स्ट्रोकार्डियाचा (हृदय उजवीकडे असण्याचा) विचार करा.

आता वाचन. शेजारशेजारच्या दोन लीडमध्ये एसटी (ठोक्याच्या टोकदार लाटेनंतरची रेषा) १ मिलिमीटर किंवा जास्त वर असेल तर तो स्टेमी, म्हणजे एसटी वर गेलेला हार्ट अटॅक. व्ही२ आणि व्ही३ मध्ये पट्टी वेगळी : चाळिशीच्या पुढच्या पुरुषात २ मिलिमीटर, चाळिशीच्या आतल्या पुरुषात २.५, बायकांत १.५. लीड २, ३, एव्हीएफ म्हणजे खालची भिंत. व्ही१ ते व्ही४ पुढची. १, एव्हीएल, व्ही५, व्ही६ बाजूची.

एव्हीएलकडे मुद्दाम बघायची सवय लावा. खालच्या भिंतीचा इन्फार्क्ट सुरू होत असताना लीड ३ मधला एसटी जेमतेम अर्धा घर वर असतो, बघणाऱ्याला ‘नॉर्मलच आहे’ वाटतं, पण एव्हीएलमध्ये एसटी खाली ओढलेला आणि टी लाट उलटी दिसते. हा कागद हातात असेल तर रुग्णाला हलू देऊ नका, १५ मिनिटांनी दुसरा ईसीजी काढा. खालची भिंत दिसली की उजव्या बाजूचा व्ही४ काढलाच पाहिजे : तोच बल्ब, तीच पाचवी फट, फक्त उजवीकडे. त्यात एसटी वर असेल तर उजवं व्हेंट्रिकल अडकलंय. व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी खाली आणि आर लाट उंच असेल तर मागची भिंत आठवा आणि बल्ब पाठीकडे नेऊन व्ही७ ते व्ही९ काढा.

पहिला ईसीजी नॉर्मल म्हणजे हार्ट अटॅक नाही, असं अजिबात नाही. दुखणं चालू आहे तोवर दर १५ ते ३० मिनिटांनी कागद निघाला पाहिजे. ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाच्या) कार्डचंही तसंच. दुखणं सुरू होऊन तासाभरात केलेलं कार्ड निगेटिव्ह येणारच; तीन ते सहा तासांनी पुन्हा करा. आणि ईसीजीत स्टेमी स्पष्ट असेल तर ट्रोपोनिनसाठी एक मिनिटही थांबू नका.

थर्मल कागद उन्हात नि वर्षभरात पांढरा पडतो. फोटो काढून ठेवा. फिजिशियनला पाठवताना कागद सपाट ठेवा, ट्यूबलाइटची सावली टाळा, नाव झाकून दुखणं सुरू झाल्याची वेळ लिहा. चुरगळलेल्या कागदाचा तिरका फोटो बघून समोरचा फक्त ‘पाठवून द्या’ एवढंच म्हणू शकतो.

काय द्यायचं, काय नाही

ॲस्पिरिन ३२५ मिलिग्रॅम, चावून. कोटिंगवाली इकोस्प्रिन हाताशी असेल तर १५० च्या दोन गोळ्या चावायला लावा. गिळली तर ती हळू शोषली जाते. क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम, पण गुठळीचं इंजेक्शन देणार असाल आणि रुग्ण ७५ वर्षांच्या पुढचा असेल तर फक्त ७५ मिलिग्रॅम. ॲटोरवास्टॅटिन ८०. ऑक्सिजन सॅच्युरेशन ९० च्या खाली असेल तरच. सगळ्यांना मास्क लावायची जुनी पद्धत सोडून द्या.

सॉर्बिट्रेट ही आपल्याकडे जवळजवळ लोकगोळी झाली आहे. नातेवाईक खिशातून काढून देतात, कधी दवाखान्यात पोहोचेपर्यंत तीन गोळ्या जिभेखाली गेलेल्या असतात. वरचा बीपी ९० च्या खाली असेल, उजवं व्हेंट्रिकल अडकलं असेल किंवा गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतली असेल तर ती देऊ नका. टॅडालाफिल असेल तर ४८ तास. हा प्रश्न नातेवाइकांना बाहेर काढून, आवाज खाली घेऊन विचारा, म्हणजे खरं उत्तर मिळतं. उजव्या व्हेंट्रिकलच्या रुग्णाचा बीपी पडला तर २५० ते ५०० मिलिलीटर सलाइन द्या. नाडी मंद होऊन बीपी पडत असेल तर ॲट्रोपिन १ मिलिग्रॅम शिरेतून. तीन-पाच मिनिटांनी पुन्हा, एकूण ३ मिलिग्रॅमपर्यंत.

आता ‘काय नाही’मधलं सगळ्यात मोठं. छातीत दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन कमरेत देऊ नका. एक तर ही औषधं हार्ट अटॅकमध्ये घातक. दुसरं, थोड्या वेळाने तुम्ही गुठळी विरघळवणारं औषध देणार आणि त्या सुईच्या जागी कमरेत रक्ताची गाठ होणार. छातीच्या रुग्णाला एकही आयएम (स्नायूतलं) इंजेक्शन नाही, ही पाटी ड्रेसिंग रूममध्ये लावली तरी चालेल. वेदना असह्य असेल तर मॉर्फिन, थोडं थोडं, शिरेतून.

इंजेक्शन द्यायचं की पाठवायचं

प्रायमरी अँजिओप्लास्टी (गुठळीच्या इंजेक्शनऐवजी थेट वायर घालून नळी उघडणं) चांगलीच, पण निदान झाल्यापासून १२० मिनिटांत वायर आत जाणार असेल तरच. हिशेब प्रामाणिकपणे करा : ॲम्ब्युलन्स यायला किती, रस्ता किती, तिथे रात्री टीम जमायला किती. भामरागडहून नागपूर दोन तासांत होत नाही, हे सांगायला गूगल मॅप लागत नाही. जिल्ह्याच्या गावापासून ३० किलोमीटरवर असाल तर उत्तर वेगळं येईल. १२० मिनिटांत जमणार नसेल आणि दुखणं १२ तासांच्या आतलं असेल, तर मॉनिटर आणि डिफिब्रिलेटर जिथे आहे तिथेच गुठळीचं इंजेक्शन द्या. रुग्ण आल्यापासून ३० मिनिटांत ते सुरू झालं पाहिजे. प्राथमिक केंद्रात ही सोय नसेल तर ईसीजी, गोळ्या, शिरेची लाइन आणि १०८ एवढं करून पुढच्या ठिकाणी आधी फोन करा, म्हणजे ट्रे तयार राहील.

देण्याआधी मोठ्याने विचारायचे प्रश्न : मेंदूत कधी रक्तस्राव झालाय? गेल्या तीन महिन्यांत लकवा किंवा डोक्याला मोठा मार? मेंदूत गाठ? आता कुठून रक्त जातंय? नुकतंच ऑपरेशन? बीपी १८० वर ११० च्या पुढे असेल तर आधी तो खाली आणा. दुखणं पाठीत फाडल्यासारखं जात असेल, दोन्ही हातांच्या बीपीत २० पेक्षा जास्त फरक असेल, तर महारोहिणी फाटली असण्याची शंका धरा. त्या रुग्णाला हे औषध म्हणजे मृत्यूच.

टेनेक्टेप्लेज वजनावर : ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, ६० ते ६९ ला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५, ९० आणि पुढे ५०. एकच झटका, पाच-दहा सेकंदांत. पंचाहत्तरीच्या पुढे अर्धा डोस. लाइनमध्ये डेक्स्ट्रोज चालू असेल तर औषध साकळतं, म्हणून आधी नि नंतर सलाइनने लाइन धुवा. स्ट्रेप्टोकायनेज असेल तर १५ लाख युनिट, १०० मिलिलीटर सलाइनमध्ये, ३० ते ६० मिनिटांत. बीपी पडला तर वेग कमी करा किंवा थांबवा, पाय वर करा, मग पुन्हा सुरू करा. पूर्वी कधी स्ट्रेप्टोकायनेज घेतलं असेल तर पुन्हा नको. टेनेक्टेप्लेजबरोबर एनॉक्सापॅरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) लागतं : वय ७५ च्या आत असेल तर ३० मिलिग्रॅम शिरेतून आणि मग किलोमागे १ मिलिग्रॅम त्वचेखाली, दर १२ तासांनी, वय ७५ च्या पुढे असेल तर शिरेतला डोस नाही आणि किलोमागे ०.७५. किडनी खराब असेल तर फिजिशियनला विचारून.

संमती घेताना गोल गोल बोलू नका. “काकांच्या हृदयाची नळी गुठळीनं बंद झालीय. हे इंजेक्शन ती विरघळवतं. शंभरातल्या सुमारे एकाला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. न देता पाठवलं तर वाटेतल्या प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत राहील.” एवढं सांगा, सही घ्या. मुंबईच्या भाच्याला फोन लावून विचारतो, असं कुणीतरी म्हणेलच. भाच्याशी तुम्ही स्वतः बोला, दोन मिनिटांत काम होतं.

इंजेक्शननंतर ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी. सगळ्यात वर गेलेला एसटी निम्म्याने किंवा जास्त खाली आला आणि दुखणं थांबलं तर नळी उघडली असं समजा. या वेळी रुंद क्यूआरएसची (ठोक्याच्या टोकदार लाटेची), ६० ते ११० च्या वेगाची संथ लय दिसते आणि नवा डॉक्टर घाबरून लिग्नोकेन (लय आवरायचं औषध) भरतो. बीपी ठीक असेल तर हात मागे ठेवा, ती आपोआप जाते. व्हीएफ (हृदय नुसतं थरथरत राहणं) मात्र वाट बघत नाही : बायफेजिक मशीनवर २०० ज्यूलचा शॉक, लगेच छातीवर दाब, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल.

पाठवताना

नळी उघडली तरी रुग्ण २ ते २४ तासांत अँजिओग्राफीला पोहोचला पाहिजे. उघडली नाही तर तत्काळ. १०८ ला सांगताना ‘एएलएस गाडी हवी, स्टेमी आहे’ असंच सांगा (एएलएस म्हणजे मॉनिटर-डिफिब्रिलेटरवाली). नुसती ‘गाडी पाठवा’ म्हटलं तर जी जवळ असेल ती येते. चिठ्ठीत ‘रेफर टू हायर सेंटर’ एवढ्या चार शब्दांचा काहीच उपयोग नाही. दुखणं सुरू झाल्याची वेळ, पहिल्या ईसीजीची वेळ, कोणतं इंजेक्शन किती आणि किती वाजता, गोळ्यांचे डोस, नंतरचा ईसीजी. सगळे ईसीजी टाचून द्या, झेरॉक्स किंवा फोटो आपल्याकडे.

पैशांच्या भीतीने नातेवाईक घरी नेतात, हे तुम्हाला दिसेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, हे आधी सांगा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर घ्यायला लावा, आणि अंगीकृत रुग्णालयात गेल्यावर आरोग्यमित्राला भेटायचं हे चिठ्ठीच्या मागे लिहून द्या.

हृदयाचे बाकीचे रुग्ण

रात्री बसून धापा टाकणारा, छातीत सूं सूं वाजणारा म्हातारा दम्याचाच असेल असं नाही. झोपताना किती उश्या लागतात ते विचारा, मानेची शीर बघा, पायावर बोट दाबा. फुप्फुसात पाणी असेल तर उठून बसवणं, ऑक्सिजन, फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम शिरेतून आणि बीपी चांगला असेल तर नायट्रेट. उताणं झोपवून ईसीजी काढायचा हट्ट धरू नका, बसवूनही निघतो.

गरोदर बाईला दम लागतो तेव्हा ‘रक्त कमी आहे’ म्हणून मोकळे होऊ नका. डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोपची बेल हृदयाच्या टोकाशी ठेवा; गडगड ऐकू आली तर झडप अरुंद आहे, आणि प्रसूतीच्या वेळी हीच बाई अचानक ढासळते. संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या मुलांना बेन्झॅथिन पेनिसिलिन दर २१ दिवसांनी चुकता कामा नये.

कोकणात असाल तर विंचवाचं विसरू नका. लाल विंचू चावल्यावर घाम, थंडगार हातपाय, वाढलेला बीपी आणि मग फुप्फुसात पाणी. ईसीजी तर हुबेहूब इन्फार्क्टसारखा दिसू शकतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला तो याच रुग्णांत, आणि तोही मोठ्या इन्स्टिट्यूटमध्ये बसून नाही, ग्रामीण दवाखान्यातून. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम तोंडावाटे, हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी, आणि शक्य असेल तर विंचवाच्या विषावरची लस. गोळी दिल्यावर रुग्णाला एकदम उभं करू नका, बीपी पडतो. गुठळीचं इंजेक्शन या रुग्णाला द्यायचं नसतं, म्हणून तरुण शेतमजुराचा विचित्र ईसीजी हातात आला की पायाचं बोट बघा.

स्टेंट घालून परत आलेला रुग्ण

पंधरा दिवसांनी काका फाइल घेऊन तुमच्याच ओपीडीत येतील. आता ते तुमचे कायमचे. ॲस्पिरिन आणि दुसरी रक्त पातळ ठेवणारी गोळी साधारण वर्षभर एकत्र चालते, आणि ती कुणी ना कुणी बंद करतंच : दात काढायचा म्हणून, पोटात जळजळतं म्हणून, किंवा आता बरं वाटतंय म्हणून. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं सगळ्यात सरळ कारण हेच. गोळी बंद करण्याआधी इथे विचारायचं, हे काकांना नाही तर काकूंना सांगा. तंबाखू विचाराल तेव्हा ‘सिगारेट ओढता का’ एवढंच विचारू नका. मशेरी, गुटखा, विडी, चुना-तंबाखू एकेक नाव घ्या. मशेरी लावणाऱ्या बाईला आपण तंबाखू वापरतो असं वाटतच नसतं.

असंसर्गजन्य आजारांच्या रजिस्टरमध्ये नाव चढवा, स्टेंटची तारीख केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा, आणि महिन्याच्या गोळ्या संपण्याच्या चार दिवस आधीची पुढची तारीख द्या, कारण साठा आला नसेल तर तेवढे दिवस तुम्हाला धावपळ करायला लागतात.